वॉलनटचं फ्लोअरिंग सोलापुरात टिकतं का? कडकपणा नंतर बघा, आधी ओलाव्याचं गणित समजून घ्या

होटगी रोड म्हणा, जुळे सोलापूर म्हणा, विजापूर रोडच्या नव्या सोसायट्या म्हणा, आता नवीन फ्लॅट घेतला की निदान एक बेडरूम तरी लाकडी फ्लोअरिंगची करायची असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं, आणि शोरूममध्ये गेलं की नजर जाऊन थांबते ती त्या गडद चॉकलेटी फळीवर. तीच वॉलनट. मग पहिला प्रश्न ठरलेला, "कडक आहे का ओ? ओरखडे पडतील का?" प्रश्न बरोबरच आहे, पण आपल्या घरांसाठी तो दुसऱ्या नंबरचा आहे. आपल्याकडे लाकडी फरशीची वाट लागते ती मुख्यतः पाण्यानं, कोरडं-ओलं या चढउतारानं आणि उन्हानं. कडकपणाचा आकडा दुकानदार लगेच सांगतो कारण तो छापलेला असतो, बाकीचं कोणी सांगत नाही, म्हणून हे सगळं एका जागी लिहितोय.

आधी वॉलनट म्हणजे नक्की काय ते. फ्लोअरिंगमध्ये ज्याला वॉलनट म्हणतात तो अमेरिकन ब्लॅक वॉलनट, शास्त्रीय नाव जुग्लान्स नायग्रा. हे झाड अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागात, मिसुरी, ओहायो, इंडियाना, आयोवा अशा राज्यांत वाढतं. आपण खातो तो अक्रोड त्याचाच भाऊबंद, जुग्लान्स रेजिया, काश्मीरमध्ये होतो तो. काश्मिरी अक्रोडाच्या लाकडावरचं कोरीवकाम जगप्रसिद्ध आहे, पण ते लाकूड फरशीसाठी म्हणून आपल्यापर्यंत येत नाही, तिथं अक्रोडाचं झाड तोडायलाच सरकारी परवानगी लागते आणि जे मिळतं ते कोरीवकामात आणि फर्निचरमध्ये जातं. त्यामुळं कोणी "काश्मिरी अक्रोडाचं फ्लोअरिंग" म्हणून विकत असेल तर दोन प्रश्न जास्त विचारा.

बाजारात वॉलनट हे नाव मात्र कशालाही लावतात. ब्राझिलियन वॉलनट म्हणतात ते खरं इपे, दक्षिण अमेरिकेतलं वेगळंच झाड, वॉलनटच्या तिपटीपेक्षा जास्त कडक आणि पाण्यात घातलं तर बुडेल इतकं जड. आफ्रिकन वॉलनट हे तिसरंच झाड. ईस्ट इंडियन वॉलनट या नावानं जे लाकूड विकलं जातं ते तर आपला शिरीष. ही लाकडं वाईट आहेत असं अजिबात नाही, पण त्यांचा रंग, वजन, आकसणं-फुगणं सगळं वेगळं, त्यामुळं एकाची माहिती वाचून दुसरं घेतलं तर हिशोब चुकतो. आणि सगळ्यात जास्त गल्लत होते ती "वॉलनट फिनिश" किंवा "वॉलनट शेड" या शब्दांत. तो बहुतेक वेळा लॅमिनेट असतो, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या एचडीएफ बोर्डवर लाकडाचा फोटो छापलेला कागद आणि वर पारदर्शक कडक थर. किंवा विनाइल, नाहीतर एसपीसी (दगडाची भुकटी आणि प्लॅस्टिक मिसळून केलेली फळी), त्यात तर लाकूडच नसतं. स्वस्त आहे, ओरखड्याला चांगलं आहे, भाड्याच्या ऑफिसला उत्तम आहे, फक्त ते वॉलनट नाही हे माहीत असून घ्यावं.

ओळखायचं कसं, तर सँपल हातात घेऊन वरून बघू नका, कडेनं बघा, म्हणजे जिथं आडवं कापलंय ते टोक. खरं वॉलनट असेल तर टोकाला बारीक बारीक छिद्रं दिसतात, झाडाच्या दरवर्षीच्या वाढीचं जे गोल कडं असतं त्याच्या सुरुवातीला ती जरा मोठी आणि पुढं हळूहळू लहान होत जातात, आणि वरच्या पृष्ठभागावरची रेष कडेवरून खाली उतरताना दिसते. छापील असेल तर वर झकास रेषा आणि कडेला एकदम सपाट तपकिरी भुशाचा बोर्ड. दुसरी खूण, पाच-सहा फळ्या जमिनीवर मांडायला सांगा, तीच गाठ, तोच वळसा परत परत दिसला तर तो छापा. झाड स्वतःची गाठ परत काढत नाही.

आता रंगाबद्दल, कारण लोक वॉलनट घेतात ते रंगासाठीच. गाभ्याचं लाकूड फिक्या तपकिरीपासून गडद चॉकलेटीपर्यंत असतं, मधेच जांभळट किंवा राखाडी झाक, काही फळ्यांवर गडद पट्टे. सालीजवळचं लाकूड मात्र जवळजवळ पांढरट, दुधी असतं. एकाच फळीत अर्धा भाग चॉकलेटी आणि अर्धा पांढरा दिसला तर ते लाकूड खराब नाही, ते सालीजवळचं आहे एवढंच. बऱ्याच गिरण्या यावर उपाय म्हणून कापलेलं लाकूड बंद खोलीत वाफ देऊन ठेवतात, वाफेनं गाभ्याचा रंग पांढऱ्या भागात उतरतो आणि सगळं एकसारखं दिसतं. त्यात एक तोटा आहे, गाभ्यातल्या त्या जांभळट झाका वाफेनं मंदावतात आणि लाकूड जरा सपाट तपकिरी होतं. ज्याला रंगाचा खेळ हवाय त्यानं वाफ न दिलेलं शोधावं, ज्याला एकसारखेपणा हवाय त्याला वाफेचं चालतं. ग्रेडची भानगड पण इथंच येते, वरच्या ग्रेडला गाठी आणि पांढरा भाग कमी, खालच्या ग्रेडला जास्त, मजबुतीत म्हणावा असा फरक नाही. मला स्वतःला गाठी असलेलं जास्त आवडतं, जिवंत वाटतं, पण ही आवडीची गोष्ट झाली.

रंगाची एक गोष्ट मात्र आवडीची नाही, ती सगळ्यांनी आधीच समजून घ्यायची. बरीच लाकडं उन्हानं आणि वयानं गडद होतात, चेरीचं लाकूड घ्या, चांगलंच गडद होतं. वॉलनट उलटं वागतं, ते फिकं होत जातं. आज जो गडद चॉकलेटी दिसतोय तो काही वर्षांनी मधाळ तपकिरी होणार, आणि आपल्याकडं ऊन किती कडक ते सांगायला नको, एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर असतो. पश्चिमेची मोठी खिडकी असेल तर खिडकीसमोरचा पट्टा आधी फिका पडतो आणि बेडखालचा तसाच राहतो. सतरंजी, जाजम, गालिचा कायम एकाच जागी अंथरून ठेवला की त्याच्याखाली गडद चौकोन राहतो. तो कायमचा नाही, उघडा राहिला की हळूहळू जुळत जातो, पण पहिल्या वर्षी तरी अंथरलेल्या गोष्टी अधूनमधून सरकवायच्या आणि दुपारी पडदा ओढायचा. यूव्ही अडवणारं फिनिश म्हणून जे विकतात त्यानं वेग कमी होतो, थांबत नाही.

आता तो कडकपणा. लाकडाचा कडकपणा मोजायची जी पद्धत जगभर वापरतात तिला जांका टेस्ट म्हणतात, गॅब्रिएल जांका नावाच्या ऑस्ट्रियात जन्मलेल्या माणसानं १९०६ मध्ये ती काढली. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात बरोबर अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते मोजायचं, झालं. अमेरिकन ब्लॅक वॉलनटचा आकडा १०१० पाउंड, म्हणजे साधारण ४५८ किलोचा भार त्या एका गोळीवर. सागवान १०७० च्या आसपास, रेड ओक १२९०, हार्ड मेपल १४५०, हिकरी १८२०. म्हणजे परदेशातल्या फ्लोअरिंगच्या यादीत वॉलनट मऊ बाजूला बसतं हे खरं, आणि म्हणूनच तिकडच्या लेखांमध्ये "वॉलनट मऊ, जपून" असं वाचायला मिळतं. पण हेच वाचून आपण घाबरायचं कारण नाही, कारण सागवान पण जवळजवळ तिथंच आहे आणि जुन्या वाड्यांच्या माडीवर सागवानी फळ्यांनी किती पिढ्या काढल्यात ते आपण बघतोच.

शिवाय तिकडं लोक बूट घालून घरात फिरतात, टाचांच्या सँडल घालून फिरतात. आपल्याकडं चप्पल दारात निघते. अनवाणी पायानं वॉलनटला काही होत नाही. आपला धोका वेगळा आहे: हातातून सुटलेला बत्ता, भरलेला कुकर, लोखंडी कपाट ओढत नेणं, आणि पायाला चिकटून आलेली बारीक वाळू. सोलापूरची धूळ ही खरी ओरखड्यांची जननी, तिच्यातले कण फिनिशपेक्षा कडक असतात, रोज पायाखाली घासले जातात आणि वर्षभरात दारापासून बेडपर्यंतचा रस्ता निस्तेज दिसायला लागतो. दारात जाड पायपुसणं आणि रोजचा कोरडा झाडू यानं निम्मं काम होतं. बत्ता पडला तर ओकवर पण खड्डा पडतोच, तिथं १०१० आणि १२९० चा फरक कोणाला दिसत नाही. अजून एक, फिनिशनं लाकूड कडक होत नाही. फॅक्टरीत अॅल्युमिनियम ऑक्साइडचं कोटिंग केलेलं असलं तरी ते ओरखड्यांना अडवतं, खड्ड्याला नाही, खड्डा खालच्या लाकडात पडतो.

आता मुख्य मुद्दा, ओलावा. हा नीट समजला की बाकी सगळे निर्णय सोपे होतात.

लाकूड वाळवलं, कापलं, पॉलिश केलं तरी हवेतला दमटपणा घेणं-सोडणं ते थांबवत नाही. आतली रचना डोळ्यासमोर आणायची तर उसाची मोळी घट्ट बांधून उभी केलीय असं समजा, हजारो बारीक नळ्या एकमेकींना चिकटलेल्या. ओलावा त्या नळ्यांच्या भिंतीत शिरतो, भिंती जाड होतात, त्यामुळं मोळी घेरात वाढते पण उंचीला जवळजवळ काहीच वाढत नाही. म्हणूनच फळी लांबीला तशीच राहते आणि रुंदीला फुगते-आकसते. आणि म्हणूनच लाकडी फरशीत फटी पडतात त्या लांबीच्या बाजूनं, उभ्या.

किती फुगते याचा हिशोब आहे आणि तो कागदावर करता येतो. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी हवेतली आर्द्रता २०-३० टक्क्यांपर्यंत उतरते, पावसाळ्यात ती ७०-८० टक्क्यांवर जाते. ३० टक्के आर्द्रतेत लाकूड बराच काळ राहिलं तर त्यातला ओलावा ६ टक्क्यांच्या आसपास येतो, ७५ टक्के आर्द्रतेत १३-१४ टक्के. घरात, फिनिश केलेल्या फळीत एवढा टोकाचा फरक पडत नाही, आपण ४ टक्के धरू. वॉलनटसाठी गुणक आहे ०.००२७४, म्हणजे ओलावा एक टक्का बदलला की रुंदीच्या दर मिलिमीटरमागे एवढे मिलिमीटर बदल. ५ इंची फळी म्हणजे १२७ मिलिमीटर, तिला ४ टक्क्यांनी गुणलं, गुणकानं गुणलं, उत्तर येतं जवळपास १.४ मिलिमीटर. एका फळीमागं. हाच हिशोब रेड ओकचा केला तर १.९ मिलिमीटरच्या जवळ जातो आणि सागवानाचा केला तर एक मिलिमीटरच्या आत राहतो. बारा फूट रुंद खोलीत अशा अठ्ठावीस-एकोणतीस फळ्या बसतात, वॉलनटच्या सगळ्या मिळून बदल धरला तर दीड इंचाच्या घरात. हा बदल कुठंतरी जाणारच, उन्हाळ्यात फटी होऊन दिसेल किंवा पावसाळ्यात फळ्या एकमेकींना ढकलून वर उचलल्या जातील. म्हणून भिंतीकडेनं १०-१२ मिलिमीटर जागा सोडून वर स्कर्टिंग लावतात, मिस्त्री घाईत ती जागा सोडायला विसरला तर पुढच्या श्रावणात फरशी मधून फुगलेली दिसते. आणि म्हणूनच अरुंद फळी जास्त शहाणी: सव्वादोन इंची फळीत तोच बदल ०.६ मिलिमीटर, डोळ्याला दिसतसुद्धा नाही.

या हिशोबात वॉलनटची एक खरी चांगली बाजू आहे जी आकडेवारीत लपून राहते. लाकूड दोन दिशांना वेगवेगळं आकसतं, गाभ्याकडून सालीकडे कमी आणि कड्यांच्या गोलाईच्या दिशेनं जास्त. ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत वॉलनट एका दिशेला ५.५ टक्के आणि दुसऱ्या दिशेला ७.८ टक्के आकसतं, म्हणजे दीडपटीच्याही आत. रेड ओकमध्ये हेच ४ आणि ८.६, दुपटीच्या वर. सागवानातही २.६ आणि ५.३, दुप्पट, पण तिथं मुळात आकसणंच कमी. दोन दिशांत जितका फरक जास्त तितकी फळी वाकते, कडा वर येतात, पिळा पडतो. वॉलनट दोन्हीकडून बरंचसं सारखं हलतं म्हणून ते सरळ राहतं. सुतार लोक वॉलनटवर खूष असतात त्याचं मोठं कारण हेच, शिवाय ते रंध्याला छान, कापायला छान, खिळ्याला फारसं फुटत नाही. थोडक्यात सागवानापेक्षा जास्त हलतं पण वेडंवाकडं हलत नाही.

आता सोलापूरची खास अडचण, कूलर. परदेशातलं फ्लोअरिंगचं कुठलंही माहितीपत्रक उघडा, त्यात एसी असतो, हीटर असतो, कूलर नसतो. बाहेर मे महिना, हवा सुकलेली, लाकूड आकसायच्या तयारीत, आणि खोलीत दुपारी बारा ते रात्री बारा कूलर ओली हवा फेकतोय. खोलीतली आर्द्रता ६०-७० टक्क्यांवर सहज जाते. रात्री बंद केला की परत कोरडं. म्हणजे बाहेरच्या लाकडाला वर्षातून एकदा जो झोका बसतो तो त्या खोलीतल्या वरच्या थराला रोज बसतो, त्यात लाइट गेली की अजून वेगळं. त्यावर कूलरच्या टाकीतून ठिबकणारं पाणी आणि खाली लोखंडी स्टँड. वॉलनटमध्ये टॅनिन असतं, लोखंड आणि पाणी त्याला भेटलं की निळसर काळा डाग पडतो, पुसून जात नाही, ऑक्झॅलिक अॅसिड लावून घासून काढावा लागतो. कूलरच्याच खोलीत लाकूड करायचं असेल तर कूलर खिडकीच्या बाहेर बसवा, आत स्टँडवर नको, एवढं तरी कराच. एसीची खोली लाकडाला जास्त बरी, थोडी कोरडी होते पण चढउतार कमी.

हे सगळं लक्षात घेऊन सॉलिड की इंजिनिअर्ड हा प्रश्न आपोआप सुटतो. सॉलिड म्हणजे पूर्ण १८-२० मिलिमीटर वॉलनटच. इंजिनिअर्ड म्हणजे वर खऱ्या वॉलनटचा थर आणि खाली प्लायचे आडवे-उभे थर, एका थराच्या रेषा पूर्व-पश्चिम तर दुसऱ्याच्या दक्षिण-उत्तर, त्यामुळं एकजण फुगायला गेला की दुसरा त्याला धरून ठेवतो. "इंजिनिअर्ड म्हणजे डुप्लिकेट" असा समज आहे, तो चुकीचा आहे, पायाखाली येतं ते खरंच लाकूड. सोलापूरच्या हवेला मी तरी इंजिनिअर्डच सांगेन. फक्त वरचा थर किती मिलिमीटरचा हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका, सगळा खेळ त्यात आहे. अर्धा-पाऊण मिलिमीटरचा थर असेल तर तो एकदा घासला की संपला, पुन्हा नवं करता येत नाही. ३-४ मिलिमीटरचा असेल तर वीस वर्षांत एक-दोनदा घासून परत नवा करता येतो. आणि खालचा गाभा प्लायचा आहे का एचडीएफचा ते विचारा, एचडीएफला पाणी लागलं की तो फुगतो आणि परत बसत नाही.

फ्लोअरिंग ज्याच्यावर बसणार ती जमीन पण तितकीच महत्त्वाची. वरच्या मजल्यावर स्लॅबवर टाइल्स असतील तर काम सोपं, टाइल न काढता फोमचा थर टाकून वर क्लिक करत बसवता येतं, फक्त २ मीटरची सरळ पट्टी ठेवून खाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नाही ना ते तपासा आणि दारांची खालची बाजू रंधून घ्यावी लागेल हे सुताराला आधी सांगा. तळमजल्याला आणि जुन्या घरांना मात्र थांबा. पेठेतल्या जुन्या घरात शहाबादी फरशी थेट भरावावर बसवलेली असते, खाली काळी माती, पावसाळ्यात ओल वर चढते, फरशीला काही होत नाही म्हणून आपल्याला ते कळतही नाही. सोपी परीक्षा आहे, दोन-दोन फुटांचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपनं चिकटवून एक-दोन दिवस ठेवा, उचलल्यावर खाली घाम आलेला दिसला किंवा फरशी काळपट पडलेली दिसली तर तिथं लाकूड नको. ही परीक्षा पावसाळ्यात करा, मेमध्ये केली तर सगळंच कोरडं दिसेल.

वाळवीचं पण सांगून टाकतो. वॉलनटचा गाभा कुजायला चांगलाच चिवट आहे, पण किड्यांपुढं तो सागवानासारखा नाही. सागवानात तेल असतं, वाळवी त्याला सहसा टाळते. वॉलनटवर तो भरवसा ठेवू नका, पांढऱ्या भागावर तर नाहीच. तळमजल्याला वाळवीचं ट्रीटमेंट करून घ्या, स्कर्टिंगच्या मागं सुद्धा.

माल आला की लगेच बसवू नका. ज्या खोलीत बसणार त्याच खोलीत खोके किमान तीन दिवस, सॉलिड असेल तर आठवडा-दोन आठवडे ठेवायचे, पंखा वगैरे रोज चालतो तसा चालू. त्याआधी प्लास्टर, रंग, पीओपी, सगळी ओली कामं संपलेली पाहिजेत. नवीन काँक्रीटमध्ये महिनोन्महिने पाणी असतं, वास्तुशांतीची तारीख जवळ आली म्हणून घाई केली की ते पाणी लाकडातून बाहेर येतं. माझा सल्ला, आपल्याकडं बसवायला ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी चांगला, तेव्हा हवा ना फार ओली ना फार कोरडी, लाकूड वर्षाच्या मधल्या मापावर बसतं. जागेवरच घासून पॉलिश करणार असाल तर कारागिरांना मास्क द्या, वॉलनटचा भुसा नाकाला आणि कातडीला त्रास देतो. घोड्यांच्या तबेल्यात हा भुसा अंथरला तर त्यांच्या खुरांना लॅमिनायटिस नावाचा आजार होतो, इतकं त्या लाकडात काहीतरी तीव्र आहे.

फिनिशमध्ये दोन रस्ते. पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा कोट घेतला तर वर प्लॅस्टिकसारखं संरक्षण येतं, सांडलेलं पटकन पुसता येतं, पण खोल ओरखडा पडला तर तेवढाच तुकडा दुरुस्त करणं अवघड, सगळं घासावं लागतं. तेल-मेणाचं फिनिश घेतलं तर लाकूड हाताला लाकूडच लागतं, रंग खोल दिसतो, ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी तेल चोळून भागतं, पण वर्ष-दोन वर्षांनी परत तेल द्यावं लागतं आणि हळदीचा, कुंकवाचा, समईच्या तेलाचा डाग लवकर आत जातो. म्हणून देवघरासमोर पीयू बरं. चमक मॅट घ्या, चकचकीत फरशीवर आपली धूळ आणि पायाचे ठसे लांबून दिसतात. तेलाच्या फिनिशवर बारीक ओरखडा असेल तर अक्रोडाचा गर त्यावर चोळायचा, त्यातल्या तेलानं रेष दबते, खरंच दबते.

आणि मग येतो तो प्रश्न जो घरातल्या बाईमाणसांना पडतो आणि दुकानात कोणी उत्तर देत नाही. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी सरळ विचारलं होतं, "ते सगळं होय की, पण पुसायचं कसं ओ? बादली-फडकं चालतं का?" उत्तर, नाही काकू, भिजलं फडकं चालत नाही. रोज कोरडा झाडू किंवा मायक्रोफायबरचा मॉप, आणि आठवड्यातून एक-दोनदा घट्ट पिळलेलं फडकं, इतकं पिळलेलं की पुसल्यावर ओल मिनिटभरात उडाली पाहिजे. फिनाइल, सोडा, अॅसिड काही नाही. बोअरचं जड पाणी तर गडद वॉलनटवर पांढरट धूसर थर सोडतं, साधं प्यायचं पाणी घ्या, लागतंच किती. दिवाळीला फरशी धुवायची सवय असेल, किंवा कामाला येणाऱ्या मावशींना रोज बादली ओतल्याशिवाय स्वच्छ वाटत नसेल, तर आधी तो विषय घरात बोलून घ्या, कारण लाकडी फरशीचं आयुष्य लाकडाच्या जातीपेक्षा त्या फडक्यावर जास्त अवलंबून असतं.

माझं मत विचाराल तर वॉलनट वरच्या मजल्याच्या बेडरूमला, अभ्यासाच्या खोलीला, पुस्तकं-गाणी ऐकायच्या खोलीला एकदम शोभतं, इंजिनिअर्ड, ३ मिलिमीटरच्या वर थर, चार-पाच इंचांच्या आतली रुंदी, मॅट फिनिश. हॉलला चालेल, पण माठ आणि कूलर तिथं नको. स्वयंपाकघर, बाल्कनी, बाथरूमच्या दारासमोरचा पट्टा, आणि ओल येणारा तळमजला, इथं नकोच, तिथं आपली शहाबादी किंवा कोटा किंवा टाइल यांना तोड नाही आणि उन्हाळ्यात पायाला गारवा पण देतात. तळमजल्याला लाकूडच पाहिजे असा हट्ट असेल तर जमिनीची ओल आधी बंद करा आणि मग सागवानाकडं वळा.

भाव विचारताना चौरस फुटाचा एकच आकडा घेऊन घरी येऊ नका. त्यात खालचा फोम, स्कर्टिंग, दाराजवळची जोडपट्टी, मजुरी, जमीन लेव्हल करायचा खर्च धरलाय का नाही हे लिहून घ्या, आणि कापाकापीत ५ ते १० टक्के माल वाया जातो तो कोणाच्या हिशोबात आहे ते पण. लाकडाचं नाव बिलावर पूर्ण लिहून घ्या, अमेरिकन ब्लॅक वॉलनट, नुसतं वॉलनट नाही, आणि वरच्या थराची जाडी त्याच बिलावर. एक खोका जास्तीचा घ्या, पुढं तीच शेड मिळत नाही. आणि तो खोका माळ्यावर बंद ठेवू नका. आधी सांगितलं तसं वॉलनट उजेडात फिकं होतं, बंद खोक्यातली फळी पाच वर्षांनी गडदच राहते आणि फरशीत बसवली की ठिगळ दिसते. त्यातल्या तीन-चार फळ्या खोक्यातून काढून त्याच खोलीत कपाटावर उघड्या, चांगली बाजू वर करून, जिथं दिवसाचा उजेड पोहोचतो अशा ठेवा, म्हणजे कधी बदलायची वेळ आली तर रंग जवळपास जुळतो.